पडलेली पापणी

(मादन हिप्परगा येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी विषय विचारला. मी म्हटलं, ‘मेंदूच्या देठातून निघणाऱ्या बारा चेता.’ पलीकडून जरा वेळानं उत्तर आलं, ‘सर, लोकांना उपयोगी पडेल असं काही बघता का?’ त्यांचं चुकलं नाही. शरीररचनाशास्त्र म्हणजे घोकंपट्टी, अशी या विषयाची कीर्ती आहे आणि ती आम्ही शिकवणाऱ्यांनीच करून ठेवली आहे. तरीही मी विषय बदलला नाही. इथं तुरीच्या रानात रात्री राखणीला माणूस जमिनीवर झोपतो, आळंदहून कलबुर्गीला किंवा अक्कलकोटवरून सोलापूरला दुचाकीवर जातो, तेही डोक्याला टॉवेल गुंडाळून. या गावाला हा विषय पुण्यामुंबईच्या माणसापेक्षा जास्त लागतो. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते त्या गुरुजींच्या वर्गात पाठांतरापेक्षा प्रश्नाला मान होता, असं त्यांचे विद्यार्थी सांगतात. तेव्हा बारा नावं मी कुणाकडून पाठ करून घेणार नाही. माझं सांगणं एवढंच आहे : मेंदूचा हा देठ कवटीच्या तळाशी दडलेला असला तरी त्याची हालहवाल माणसाच्या तोंडावर वाचता येते, फक्त वाचताना घाई करायची नाही. घाई केली तर काय होतं, ते शेवटी मण्यार सांगेल.

मेंदू म्हटला की घड्याघड्यांचा मोठा गोळा डोळ्यांसमोर येतो. त्या गोळ्याखाली, मागच्या बाजूला छोटा मेंदू असतो, आणि दोघांना पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूशी जोडणारा एक दांडा असतो. लांबी जेमतेम तीन इंच, जाडी अंगठ्यापेक्षा थोडी जास्त. हाच मस्तिष्कस्तंभ. त्याचे वरून खाली तीन भाग : मध्यमस्तिष्क, पॉन्स आणि मस्तिष्कपुच्छ, म्हणजे मेडुला. हातापायांना जाणारा प्रत्येक हुकूम आणि अंगाकडून वर येणारी प्रत्येक खबर या तीन इंचांतूनच जाते. जागं राहणं इथलं, श्वासाची लय इथली, रक्तदाब सांभाळणं इथलं. आणि चेहरा, डोळे, जीभ, घसा यांच्या चेता इथूनच बाहेर पडतात.

शाळेच्या पुस्तकात ‘कर्पर चेतांच्या 12 जोड्या’ असं वाक्य असतं. हा आकडा आपल्याला सूर्यचंद्राइतका जुना वाटतो, पण तसा तो नाही. प्राचीन काळी गेलेननं सात जोड्या मोजल्या आणि युरोपात शतकानुशतकं सातच चालल्या. सतराव्या शतकात इंग्लंडच्या थॉमस विलिसनं मोजणी बदलली. आज आपण मोजतो त्या बारा जोड्या जर्मनीतल्या सॉमरिंग नावाच्या तरुणानं 1778 साली आपल्या प्रबंधात मांडल्या. चेता तेव्हाही त्याच होत्या, कुठली कुठं सुटी धरायची एवढाच वाद होता. बारापैकी पहिल्या दोन, वासाची आणि दृष्टीची, देठाला चिकटतही नाहीत. त्या वरच्या मेंदूच्याच. उरलेल्या दहांतल्या अकराव्या चेतेची मुळं बरीचशी मानेतल्या मज्जारज्जूतून वर येतात. म्हणजे अगदी काटेकोर धरलं तर ‘देठातल्या बारा’ हे माझं फोनवरचं वाक्यही सैलच होतं.

मुलांसाठी एक गंमत सांगतो. पीटर गेट्स या ऑस्ट्रेलियन न्यूरॉलॉजिस्टनं ती लोकप्रिय केली. 12 ला ज्यांनी निःशेष भाग जातो ते आकडे घ्या. एक आणि दोन सोडा, कारण त्या देठाच्या नाहीत. उरले 3, 4, 6 आणि 12. या चार चेतांची हालचालीची केंद्रं देठाच्या अगदी मध्यरेषेलगत बसतात. ज्या विषम आकड्यांनी भाग जात नाही, म्हणजे 5, 7, 9, 11, त्यांची केंद्रं बाजूला सरकलेली असतात. शरीरानं गणित शिकून हे केलेलं नाही, निव्वळ योगायोग आहे. पण परीक्षेच्या आदल्या रात्री असे योगायोग फार कामाला येतात.

आता विच्छेदनगृहात चला. फॉर्मॅलिनमधून काढलेला मेंदू ताटात उलटा ठेवला की देठ समोर येतो. वरचं पातळ आवरण चिमट्यानं सोलायला लागतं आणि इथं दरवर्षी एकच अपघात होतो : चौथी चेता तुटते. ती सगळ्यात बारीक, शिवणीच्या दोऱ्याएवढी. बाकीच्या साऱ्या चेता देठाच्या पुढच्या किंवा बाजूच्या अंगानं निघतात, ही एकटी मागून निघते. निघता निघता उजवीची डावीकडं आणि डावीची उजवीकडं जाते, मग देठाला वळसा घालून पुढं येते. कवटीच्या आत तिच्याएवढा लांबचा प्रवास दुसरी कुठलीच चेता करत नाही. आणि इतकं करून हलवते काय, तर डोळ्याचा एक स्नायू. डोक्याला जबर मार बसल्यावर ही चेता दुखावली, तर माणूस जिना उतरताना अडखळतो, एकाचे दोन दिसू नयेत म्हणून मान एका खांद्याकडं कलती ठेवतो. घरचे म्हणतात, मान आखडली. मान ठणठणीत असते, डोळ्याचं दुखणं मानेनं सावरलेलं असतं.

तिच्याच वरची तिसरी चेता मला या भागासाठी सगळ्यात महत्त्वाची वाटते. डोळ्याचे बहुतेक स्नायू ती हलवते, पापणी वर धरते आणि बाहुली लहान करते. तिची रचना नीट बघण्यासारखी आहे. बाहुली लहान करणारे धागे चेतेच्या वरच्या सालीत असतात आणि डोळा हलवणारे आतल्या गाभ्यात. अपघातात डोक्यात एका बाजूला रक्त साठू लागलं की मेंदू त्या बाजूनं खाली दाबला जातो आणि या चेतेवर येऊन टेकतो. दाब आधी सालीला लागतो. म्हणून बेशुद्ध माणसाची एका बाजूची बाहुली मोठी होते आणि टॉर्च मारला तरी लहान होत नाही. ही खूण दिसली की डॉक्टर धावतात. तेव्हा मिनिटांचा हिशेब असतो, बहुतेक वेळा त्याच बाजूला रक्त साठलेलं असतं. उलट मधुमेहात चेतेच्या गाभ्याचा बारीक रक्तपुरवठा बंद होतो आणि सालीला बाहेरून रक्त मिळत राहतं. अशा माणसाची पापणी पडते, डोळा बाहेरच्या बाजूला वळून राहतो, पण बाहुली चांगली असते. डोळा दोघांचाही बिघडलेला, पण एकाला ऑपरेशन लागतं आणि दुसऱ्याला साखर आवरून काही आठवडे थांबावं लागतं. टॉर्चच्या उजेडात दिसणाऱ्या त्या दोनतीन मिलिमीटरवर हा निवाडा सुरू होतो. सुरू होतो म्हणतो, संपतो म्हणत नाही. स्कॅन करावाच लागतो.

पॉन्समध्ये गर्दी आहे. पाचवी चेता चेहऱ्याची संवेदना आणते आणि जबडा चावायला लावते. ती बिघडली की गालात वीज कडाडावी तशी कळ येते, दात घासताना, घास चावताना, कधी नुसत्या वाऱ्यानं. लोक दातांच्या डॉक्टरकडं जातात आणि चांगले दात काढून येतात. कळ मात्र तिथंच राहते. आठवी चेता ऐकण्याची आणि तोल सांभाळण्याची. तिच्याकडं मी शेवटी वळणार आहे.

सहावी डोळा बाहेर वळवते. तिच्या केंद्राला लागूनच दोन्ही डोळे एकदम बाजूला झटकन फिरवणारी यंत्रणा असते. इथं मुंबईचं एक काम सांगायलाच हवं. डॉ. नोशीर वाडिया यांनी जे. जे. रुग्णालयात न्यूरॉलॉजीचा विभाग उभा केला. 1971 साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी डॉ. स्वामी यांनी नऊ कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. या कुटुंबांत पिढ्यान्‌पिढ्या तोल जाण्याचा आजार होता. तसे आजार जगाला ठाऊक होते. वाडियांना वेगळं दिसलं ते डोळ्यांत. बाजूला बघायला सांगितलं की आपली नजर टुणकन जाते, या लोकांची सावकाश सरकत जायची. जनुकांची तपासणी तेव्हा कुठं होती! पुढं हा आजार जनुकावरून ओळखला जाऊ लागला, पण त्याची पहिली ओळख समोर बसून ‘इकडं बघा, तिकडं बघा’ म्हणणाऱ्या माणसानं करून दिली. नजर झटकन फिरवणाऱ्या पेशी पॉन्समध्ये असतात आणि या आजारात त्या झडतात, याचा खुलासा नंतर झाला.

सातवी चेता चेहऱ्याची. आपल्या भागात ‘तोंड वाकडं झालं’, ‘वारं गेलं’ असं जे म्हणतात त्याचा अर्धा हिशेब हिच्या नावावर आहे. ती केंद्रातून निघते आणि सरळ बाहेर न पडता आधी सहाव्या चेतेच्या केंद्राला वळसा घालते. हा वळसा देठाच्या पाठीवर लहानशा उंचवट्यासारखा हाताला लागतो. म्हणून पॉन्समध्ये तिथंच छोटासा रक्तस्राव झाला तर चेहरा आणि नजर दोन्ही एकदम जातात.

पण घरच्या माणसांना उपयोगाचं आहे ते कपाळ. कपाळाच्या स्नायूंना मोठ्या मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतो, ओठागालाला मुख्यतः विरुद्ध बाजूकडून. आता समजा आजोबांचं तोंड वाकडं झालं. त्यांना सांगा, ‘आजोबा, भुवया वर करा. आता डोळे घट्ट मिटा.’ दोन्हीकडं कपाळाला आठ्या पडल्या आणि फक्त ओठ ओघळला असेल, तर बिघाड वर मेंदूत असण्याची दाट शक्यता आहे, पक्षाघात आहे. गाडी काढा. मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. हात लुळा पडला असेल, बोलणं अडखळत असेल, तर कपाळ बघण्यातही वेळ घालवू नका. उलट त्या बाजूचं कपाळही सपाट झालं आणि डोळा मिटेनासा झाला, तर बिघाड बहुतेक चेतेतच आहे. चार्ल्स बेलच्या नावानं या आजाराला बेल्स पाल्सी म्हणतात. यातही डॉक्टरकडं तीन दिवसांच्या आत जा, स्टिरॉइडच्या गोळ्यांनी बरं होण्याचं प्रमाण वाढतं. आणि उघड्या राहिलेल्या डोळ्यात औषध घाला, नाहीतर बुबुळाला जखम होते.

आता थोडं कडू बोलतो. बेल्स पाल्सी काही उपचार न करताही दहातल्या साधारण सात जणांत पूर्ण बरी होते. म्हणूनच तोंड वाकडं झाल्यावर पाला बांधणारा, गालाला डाग देणारा, मंतरलेलं पाणी पाजणारा, सगळेच यशस्वी ठरतात. बऱ्या झालेल्या सात जणांची कीर्ती दहा गावं फिरते, तीन जण घरी गप्प बसतात. माझं भांडण पाल्याशी नाही. त्यात पक्षाघाताचे साडेचार तास जातात, त्याच्याशी आहे.

मेडुलातल्या चार चेता आपण लवकर ओलांडू. नववी आणि दहावी घशाच्या, गिळण्याच्या, आवाजाच्या. दहावी तर छातीतून पोटापर्यंत उतरते. तिची डावीकडची एक फांदी छातीत महाधमनीला वळसा घालून पुन्हा वर स्वरयंत्राकडं येते. म्हणून आवाज बसला अशी तक्रार घेऊन आलेल्या माणसाच्या छातीचा फोटो काढतात. नातेवाईक म्हणतात, घसा सोडून छाती कशाला? कारण बिघाड तिथंही असू शकतो. अकरावीनं मान वळते आणि खांदे उचलले जातात. बारावी जिभेची : एका बाजूची गेली की बाहेर काढलेली जीभ त्या दुबळ्या बाजूकडंच वळते.

वरून खाली अशी ही वाट चाललो. आता याच वाटेनं डॉक्टर एकदा फार गंभीर कामासाठी चालतात.

2021 च्या जूनमध्ये बंगळुरूत कन्नड अभिनेते संचारी विजय यांचा दुचाकी अपघात झाला. त्यांच्या मेंदूचा मृत्यू झाल्याचं जाहीर झालं आणि कुटुंबानं अवयवदान केलं, हे तुम्ही वर्तमानपत्रात वाचलं असेल. तेव्हा मला अनेकांनी विचारलं, हृदय चालू असताना मेला कसं म्हणतात? विचारण्यासारखा प्रश्न आहे. हृदयाची लय हृदयातच जन्मते, तिला मेंदूचा हुकूम लागत नाही. व्हेंटिलेटरनं प्राणवायू मिळत राहिला तर मेंदू संपल्यावरही ते काही काळ धडधडत राहतं. अंग गरम राहतं, छाती वरखाली होते. मज्जारज्जू शाबूत असेल तर पाय झटकतोही. घरच्यांना ते दिसत असताना ‘गेले’ हा शब्द कसा पटावा?

मुंबईच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी 1968 साली हृदयप्रत्यारोपण केलं, तेव्हा या प्रश्नाला उत्तर देणारा कायदा आपल्याकडं नव्हता. तो 1994 साली झाला, म्हणजे सव्वीस वर्षांनी. त्या कायद्यानं देठाचा मृत्यू हा मृत्यू मानला. तपासणी चार डॉक्टरांचं मंडळ करतं. तीही एकदा करून भागत नाही, किमान सहा तासांनी पुन्हा सगळी करावी लागते. आणि यात करतात काय? देठाला वरून खाली एकेक प्रश्न विचारतात. डोळ्यावर प्रखर उजेड टाकतात : दुसरी चेता खबर आत नेते, तिसरी बाहुली लहान करते. झाली नाही, तर मध्यमस्तिष्क गप्प आहे. कापसाचं टोक वळवून बुबुळाला हलकेच लावतात : पाचवीनं स्पर्श नेला तर सातवीनं पापणी मिटली पाहिजे. मिटली नाही, पॉन्स गप्प. कानात बर्फाचं पाणी सोडतात : आठवी जागी असेल तर सहावी आणि तिसरी मिळून डोळे सावकाश त्या कानाकडं ओढतात. डोळे जागचे हलत नाहीत. कपाळाच्या हाडावर दाबून दुखवतात, चेहरा आक्रसत नाही. घशाला आणि श्वासनळीला नळीनं डिवचतात : नववी-दहावीनं ओकारी, खोकला यायला हवा. येत नाही. शेवटी व्हेंटिलेटर काढतात, प्राणवायू चालूच ठेवतात आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढू देतात. जिवंत मेडुला हे सहनच करू शकत नाही, तो एक तरी श्वास ओढायला लावतोच. छातीकडं सगळे बघत असतात. श्वास येत नाही.

तिथं उभं राहून मी हे पाहिलेलं आहे. यंत्रं सारी बाजूला राहतात. हातात टॉर्च, कापूस आणि थंड पाणी. सॉमरिंगनं मोजलेल्या जोड्या इथं कायद्याच्या भाषेत जाऊन बसल्या आहेत.

मात्र या तपासण्या सुरू करण्याआधी कायद्याच्या फॉर्मवर काही रकाने भरावे लागतात आणि लोकांचं, कधीकधी तरुण डॉक्टरांचंही, लक्ष तिथून निसटतं. माणूस कशानं बेशुद्ध झाला ते नक्की माहीत आहे का? झोपेच्या औषधांचा अंमल नाही ना? शरीराचं तापमान फार उतरलेलं नाही ना? आणि स्नायू ढिले पाडणारं काही त्याच्या अंगात नाही ना? हा शेवटचा प्रश्न बहुतेकांना भूल देण्याच्या औषधांबद्दलचा वाटतो. आपल्या भागात तो मण्यारीबद्दलचाही आहे.

मण्यार, म्हणजे कन्नडमधला कट्टु हावु. काळसर निळा, अंगावर पांढरे बारीक पट्टे, रात्री फिरणारा. उंदरांच्या, दुसऱ्या सापांच्या मागं तो घरात येतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला मध्यरात्रीनंतर चावतो. दात इतके बारीक की कधी खूणही सापडत नाही. नागाच्या चाव्यासारखी सूज नाही, घोणसासारख्या वेदना नाहीत. माणूस पहाटे उठतो ते पोट दुखतंय म्हणून. घरचे ओवा देतात, फार तर ॲसिडिटीची गोळी. मग तो म्हणतो, डोळे जड झालेत. रात्रभर झोप नाही म्हणून असेल, असं सगळे म्हणतात. पापणी मात्र पडायला लागलेली असते.

आता इथं पापणीच आधी का? विष देठावर हल्ला करत नाही. चेतेचं टोक जिथं स्नायूला भिडतं, तिथं ते काम करतं. डोळ्याचे स्नायू क्षणाक्षणाला, फार वेगानं हुकूम घेणारे, म्हणून पुरवठा आटला की त्यांना आधी जाणवतं. पापण्या पडतात, एकाचे दोन दिसतात. मग चेहरा ढिला पडतो, जबडा लोंबतो, जीभ जड होते, थुंकी गिळवत नाही, मान उचलत नाही. देठातून निघणाऱ्या चेतांचे स्नायू असे एकामागून एक बंद पडत जातात आणि शेवटी श्वासाचे. जवळच्या आरोग्य केंद्रात एवढी तपासणी कुणीही करू शकतं : बोट वर धरायचं, ‘वर बघा’ म्हणायचं, कन्नड बोलणारा असेल तर ‘मेले नोड्री’, आणि नजर मिनिटभर तिथंच ठेवायला सांगायची. पापण्या हळूहळू खाली येऊ लागल्या तर उशीर करायचा नाही. एका श्वासात कितीपर्यंत आकडे म्हणता येतात तेही मोजून ठेवायचं. अर्ध्या तासानं आकडा घटला तर श्वास घटतोय.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव तुम्हाला विंचवामुळं ठाऊक आहे. पण त्यांनी कोकणातल्या खेडेगावच्या परिस्थितीत मण्यार आणि नागाच्या दंशावरही काम करून लिहिलं आहे आणि ते वाचावं असं आहे. नागाचं विष चेतेच्या टोकासमोरची, स्नायूवरची जागा अडवतं, म्हणून निओस्टिग्मिनच्या इंजेक्शननं तिथं फरक पडतो, पापण्या उघडताना दिसतात. मण्यारीचं विष चेतेचं टोकच मोडून टाकतं. तिथं ते इंजेक्शन फारसं काही करत नाही. प्रतिविष द्यायचंच. आपल्याकडं मिळणारं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर एकच असतं, त्यामुळं साप मारून पिशवीत घालून आणायची गरज नाही. पण मोडलेलं टोक प्रतिविषानं जुळत नाही. ते नव्यानं वाढावं लागतं आणि त्याला दिवस लागतात. तोवर श्वास यंत्रानं द्यायचा.

टोक मोडलं की बाहेरून काय दिसतं, ते आपल्या विहिरीवरच्या मोटारीवरून सांगतो. वीजघर चालू आहे, तारा शाबूत आहेत, मोटारही चांगली आहे, पण स्टार्टरमधला फ्यूज गेलाय. काठावर उभं राहून बघणाऱ्याला काय दिसतं? पाणी नाही. वीजघर जळालं असतं तरी हेच दिसलं असतं.

आयसीयूत नेमकं हेच होतं. मण्यार चावलेला माणूस व्हेंटिलेटरवर आहे. बाहुल्या मोठ्या झालेल्या, उजेडाला हलत नाहीत. कापूस लावला, पापणी मिटत नाही. कानात पाणी सोडलं, डोळे हलत नाहीत. खोकला नाही, श्वास नाही. मघाशी सांगितलेल्या एकूण एक तपासण्यांचं उत्तर ‘नाही’. आणि देठ पूर्ण जिवंत, वरचा मेंदू पूर्ण जागा! हुकूम निघतायत, स्नायूपर्यंत पोचत नाहीत. अशा रुग्णांना आधी मेंदू मेला असं समजलं गेलं आणि नंतर ते चालत घरी गेले, अशी उदाहरणं भारतातल्या डॉक्टरांनी वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवलेली आहेत. म्हणून कारण माहीत नसलेला माणूस, पावसाळा, जमिनीवरची झोप आणि पहाटेची पोटदुखी, एवढं जुळलं की ‘आशा नाही’ हा शब्द कुणी उच्चारू नये. तिथं सहा तासही काही सिद्ध करत नाहीत. काही दिवस थांबावं लागतं.

आकडेवारीही ऐका, एकदाच सांगतो. 2000 ते 2019 या काळात सर्पदंशानं भारतात सुमारे 12 लाख माणसं गेली असावीत, म्हणजे वर्षाला सरासरी 58,000, असा मोठ्या पाहणीवरून काढलेला अंदाज आहे. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि पुष्कळसे दवाखान्याबाहेरचे. कर्नाटक सरकारनं 2024 च्या फेब्रुवारीत सर्पदंशाची नोंद सक्तीची केली. केंद्रानं त्याच वर्षी 2030 पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचा आराखडा काढला. आराखडे चांगले आहेत. पण आळंद ते कलबुर्गी किंवा इथून सोलापूर या रस्त्यावर ज्याचा श्वास थांबत आलाय, त्याला आराखडा श्वास देत नाही. श्वास देतो तो अँब्युबॅग ही हवेची पिशवी दाबणारा हात. हे काम तासभर न थांबता, न घाबरता करता येतं आणि शिकायला एक दुपार पुरते. आपल्या तरुण मंडळांनी गणपतीच्या वर्गणीतून एक दुपार यासाठी ठेवावी, असं मी जाहीर सुचवतो. आणि जमिनीवर झोपायचंच असेल तर मच्छरदाणी लावा, तिच्या कडा गादीखाली नीट खोचा. खाट असेल तर खाटेवर झोपा.

आता आठवी चेता राहिली. तिच्यापुढं स्नायू नाही, ती खबर आत आणते. विष स्नायूच्या तोंडाशी अडवतं, म्हणून ऐकण्याच्या वाटेला ते हातही लावत नाही. त्या पलंगावर निपचित पडलेल्या माणसाला सगळं ऐकू येत असतं. पापणी बोटानं वर धरली तर पुढचं धूसर दिसतंही. दुखतंही. डॉक्टर राउंडवर काय बोलले, बायको रडली का, भाऊ जमिनीच्या वाटणीचं बोलला का, बरं झाल्यावर हे रुग्ण सांगतात. म्हणून आयसीयूत अशा माणसाजवळ गेलात तर त्याला नावानं हाक मारा. आज वार कुठला ते सांगा, रात्र आहे की दिवस ते सांगा, विष उतरायला किती दिवस लागतात ते सांगा. सुई टोचण्याआधी नर्सबाईंनी ‘टोचते हं’ म्हणावं. डोळे मिटत नसतील तर त्यांत मलम घालायला आणि पापणीवर पट्टी लावायला विसरू नका. आणि खर्चाचं जे काही बोलायचं ते बाहेर व्हरांड्यात येऊन बोला.

प्रश्नांच्या चिठ्ठ्या पुढं पाठवा. कन्नडमधून विचारलेले प्रश्नही चालतील, उत्तर मात्र मी मराठीतच देईन, माझं कन्नड ‘मेले नोड्री’पाशी संपतं.